गेल्या वर्षीचा वापर

सप्टेंबर सरत आला होता आणि ब्रिन टेरेस या गल्लीत अजून कुणीही हीटिंग लावलं नव्हतं. हा त्या गल्लीचा जुना हट्ट. जरा गारठा पडला की ऑक्टोबरच्या एक तारखेआधीच बटण दाबणाऱ्या बाईची तिथे काही खैर नसे. दोन जर्स्या चढवायच्या, गरम पाण्याची पिशवी मांडीवर घ्यायची आणि भेटेल तिला विचारायचं, "लावलंस का गं?" त्यात या वर्षी ऑक्टोबरपासून गॅसचे आणि विजेचे दर कुठल्या कुठे जाणार म्हणून बातम्यांत रोज ओरड चालली होती. त्यामुळे हट्टाला आता कारणही मिळालं होतं.

"तुझ्या भिंतीतून वाफ येतेय," बेरिल म्हणाली.

बेरिल शेजारी राहायची. सबंध गल्ली तिला बोपा म्हणायची, मानलेली आत्या. कचऱ्याचा डबा आत घ्यायला म्हणून ती बाहेर आली होती आणि डबा तसाच धरून लाउरीच्या घराच्या कडेच्या भिंतीकडे बघत उभी होती. तिथे बॉयलरची नळी बाहेर निघते.

"आंघोळीचं पाणी तापत असेल, बोपा."

"सकाळी सहापासून? काय हत्ती धुतेस का काय?" बेरिल हसली. मग तिची नजर वर गेली. वरच्या मजल्यावर सगळ्यात लहान खिडकी, पिवळा पडदा, आणि काचेवर आतून धरलेलं बाष्प. बाकी एकाही खिडकीवर नव्हतं. तिचं हसू विरलं. तिने डब्याचं झाकण उगाचच दोनदा लावलं. "जाऊ दे गं पोरी. माझे डोळे हल्ली असेच झालेत," असं म्हणून ती आत गेली.

लाउरी तिथेच उभी राहिली. त्या खोलीतला रेडिएटर तिने गेल्या आठवड्यात उघडला होता. घरातले बाकीचे सगळे बंद करून फक्त तो एक. रोज रात्री तिचा नवरा गेथिन तो गुपचूप बंद करायचा आणि रोज पहाटे ती उठून पुन्हा उघडायची. याबद्दल दोघं एक अक्षर बोलत नव्हते.

खोली त्यांच्या बाळाची, एम्रिसची होती. एम्रिस सव्वीस आठवड्यांचा जन्मला, चार महिने इस्पितळात राहिला आणि गेल्या ऑक्टोबरात घरी आला, तो ऑक्सिजनचं मशीन घेऊनच. मशीन जिन्याखाली ठेवलं होतं. तिथून निघालेली लांब पारदर्शक नळी जिना चढून, वरच्या पायरीवरून आडवी होत त्याच्या पाळण्यापर्यंत जायची. नर्सने बजावलं होतं, घर दिवसरात्र एकवीस डिग्रीवर हवं, थंड हवा याच्या छातीला सोसणार नाही. ते त्यांनी पाळलं. सबंध हिवाळाभर बॉयलर एकदाही विझला नाही. एम्रिस मार्चच्या चौदा तारखेला गेला. थंडीने नाही. कुठल्याशा साध्या विषाणूने, जो त्यांच्या मोठ्या मुलीच्या, कॅडीच्या शाळेत प्रत्येक मुलाला होऊन गेला होता आणि कॅडीलाही.

त्यानंतर ज्याला त्याला आपोआप कळलं. इस्पितळाने डॉक्टरला कळवलं, डॉक्टरने नर्सला, आणि ऑक्सिजनवाली माणसं तिसऱ्या दिवशी येऊन मशीन उचलून घेऊन गेली. कळलं नाही ते फक्त गॅस-विजेच्या कंपनीला, जिच्याकडे घरी ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांची यादी असते. कंपनीला कळवायचं काम घरच्यांचं असतं, आणि घरची म्हणजे लाउरी. खातं तिच्या नावावर होतं.

आणि आता शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत दराचा निर्णय घ्यायचा होता.

"दर बांधून घेऊ या," गेथिन बुधवारी रात्रीच्या जेवणाला म्हणाला होता. तो बस डेपोत मेकॅनिक होता. नखांतलं काळं कितीही घासलं तरी जात नसे. "एक वर्ष. तेवढ्यात दर वाढला तरी आपला तोच. डेपोत सगळे तेच करतायत. वाहत्या दरावर राहिलो तर हिवाळ्यात काय होईल देवाला माहीत."

"आणि खाली आले दर तर? मधेच सोडलं तर दंड आहे. मी सगळं वाचलंय."

लाउरीने खरंच सगळं वाचलं होतं. ती नगरवाचनालयात काम करायची आणि वाचून काढल्याशिवाय तिला कशावरही सही करवत नसे. तीन रात्री बसून तिने एका कागदावर दोन रकाने केले होते, बांधलेला आणि वाहता. रकान्यांतून तिला एवढंच कळलं होतं की पुढे काय होणार ते कुणालाच ठाऊक नाही.

"लाउ, दर परवडेल. भानगड तिथे नाहीच." गेथिनने फोन तिच्यापुढे सरकवला. कंपनीचं पत्र होतं. महिन्याला भरायची रक्कम ठळक अक्षरात, आणि खाली बारीक ओळ: *आपल्या गेल्या वर्षीच्या वापरावर आधारित.*

"हा गेल्या वर्षीचा वापर आहे," तो म्हणाला. मग थांबला. काट्याने ताटातला बटाटा फोडत राहिला. "फोन करून सांगावं लागेल की यंदा… यंदा एवढा होणार नाही. ऑनलाइन बदलता येत नाही. मी केला असता, पण ते फक्त तुझ्याशीच बोलणार."

"करते."

"नक्की?"

"करते म्हटलं ना."

तिने गेथिनला न सांगितलेली गोष्ट अशी होती की जूनमध्ये कंपनीतून एकदा फोन आला होता. मंगळवारी तारांचं काम आहे, चार तास वीज बंद राहील. "तुमच्या घरी बाळ ऑक्सिजनवर आहे म्हणून तुम्हाला आधी कळवतोय," पलीकडची बाई म्हणाली. "एम्रिस ना? कसा आहे तो?"

तीन महिन्यांत कुणी त्याचं नाव घेतलं नव्हतं. लोक 'ते सगळं' म्हणत, 'जे झालं ते' म्हणत. आणि ही अनोळखी बाई त्याच्या नावाने, तो पलीकडच्या खोलीत असल्यासारखी, विचारत होती.

"बरा आहे," लाउरी म्हणाली. "झोपलाय."

"जादा सिलिंडर आहे ना घरात?"

"आहे."

मंगळवारी ते चार तास ती वर पाळण्याजवळ बसून राहिली होती. वीज आल्यावर कंपनीने पुन्हा फोन करून विचारलं, सगळं ठीक ना? ती म्हणाली, हो, ठीक. आणि त्या दिवशी, मार्चनंतर पहिल्यांदाच, ती रात्रभर झोपली होती.

साऱ्या जगात तो आता कंपनीच्या त्या एका यादीत तेवढा उरला होता.

गुरुवारी शाळा सुटल्यावर कॅडीला आणायला ती सासूकडे गेली. ग्लेनिस दोन गल्ल्या खाली राहायची आणि तिच्या चुलाण्यात ऑगस्टातसुद्धा कोळसा धगधगत असे. तिचा नवरा ग्विलिम खाणीत होता. खाणीवाल्यांना जन्मभर फुकट कोळसा मिळतो, त्यांच्या मागे बायकोलाही. त्यामुळे गल्लीच्या हट्टाशी ग्लेनिसचा काडीचा संबंध नव्हता. ब्लाउजच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून ती घरात वावरायची.

"ये. कोट काढ. ही बघ कशी लाल झालीये," ती कॅडीकडे बोट दाखवत म्हणाली. पाच वर्षांची कॅडी गालिच्यावर पालथी पडून चित्र रंगवत होती. "काय गं, तुमच्या घरी बर्फ साठवता का? आल्या आल्या पोर विस्तवालाच चिकटली."

"आई, एक तारखेनंतर लावणारच आहोत."

"लावा बाई. नाहीतर इकडे या राहायला." ग्लेनिसने चहा ओतला. साखर घातली, लाउरी घेत नसली तरी. मग आवाज खाली आणून म्हणाली, "गेथिन आला होता काल. फोनचं म्हणत होता."

"उद्या करते आहे, आई."

"मी विचारलं का?"

ग्लेनिसने विस्तवात आणखी एक कोळसा टाकला.

"तुला केन आठवतो का, कोळसेवाला? नाही, तू कुठे होतीस तेव्हा. ग्विलिम गेला त्या वर्षी मी कोळशाच्या ऑफिसला कळवलंच नाही. एक फॉर्म असतो, मालक वारले म्हणून. बाईला कमी मिळतो ना, निम्मासुद्धा नाही. फॉर्म त्या घड्याळामागे खोचून ठेवला. पाच आठवड्यांनी गाडी आली. पावतीवर मिस्टर जी. प्रॉसर, म्हणजे ग्विलिमच. आणि केनने काय करावं? ग्विलिमची शवपेटी खांद्यावर घेणारा माणूस तो. एक शब्द बोलला नाही. सगळी पोती उतरवली आणि जाताना म्हणतो कसा, सांग ग्विलिमला, यंदाचा माल बरा आहे."

लाउरीने कप खाली ठेवला.

"अख्खा हिवाळा असाच. मी एकटी जाळून जाळून किती जाळणार? मागच्या अंगणात ढीग वाढत चालला. खिडकीला लागला. तरी मी पावतीवर सही करतेय, आणि केन म्हणतोय सांग ग्विलिमला." ती हसली, पण डोळे पुसले नाहीत. "मग मार्चात एक दिवस मागचं दारच उघडेना. ढीग सरकून दाराला लागला होता. हातात ओल्या कपड्यांची टोपली, आणि मी दार ढकलतेय. ढकलतेय आणि त्याला हाका मारतेय, ग्विल, जरा जोर लाव. तिथेच खाली बसले."

"मग?"

"मग काय. घड्याळामागचा फॉर्म काढला." तिने लाउरीच्या गुडघ्यावर हात ठेवला. हात ऊन होता. "मी तुला उद्याच कर असं म्हणत नाही. दोन वर्षांनी कर. गेथिनला मी बघते. पण माझा ढीग निदान दिसत तरी होता, पोरी."

शुक्रवारी सकाळी लाउरी गणवेश घेऊन कॅडीच्या खोलीत गेली तर खोली रिकामी. पलंगावरची गादी इतकी गार, की मुलगी बऱ्याच वेळापूर्वी उठून गेली असावी.

कॅडी छोट्या खोलीत होती. पाळण्याच्या कठड्यावर तिने स्वतःचे मोजे वाळत घालावेत तसे टाकले होते आणि रेडिएटरला पाठ लावून जमिनीवर बसली होती.

"इथे काय करतेस?"

"कपडे घालणार. इथे गरम आहे." मग आईच्या चेहऱ्याकडे बघून तिने घाईघाईने मोजे काढले. "मी कशाला हात नाही लावला. आवाजसुद्धा नाही केला."

"तुझ्या खोलीत लावू या की आपण."

"नको. बाबा म्हणाले एक तारखेशिवाय नाही. माझ्याकडे स्वेटर आहे." तिने नाक वर ओढलं. दोन दिवस ती नाक ओढत होती. लाउरीने ऐकलं होतं. लाउरी घरातला प्रत्येक श्वास ऐकत असे. मग हे ऐकूनही रोज पहाटे उठून ती दुसऱ्याच खोलीचा रेडिएटर कशी उघडत होती?

"चल खाली. दूध पी."

कॅडी पुढे निघाली. जिन्याच्या वरच्या पायरीशी पोचल्यावर तिने उजवा पाय उंच उचलला आणि काहीतरी ओलांडल्यासारखा पलीकडे टाकला. मग डावा. तिथे काही नव्हतं. सहा महिने तिथे काही नव्हतं.

अकरा वाजता लाउरीने फोन लावला. आधी यंत्राचा आवाज, मग संगीत. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. साऱ्या देशानेच आज दर बांधायला घेतला होता बहुतेक. चाळीस मिनिटं ती स्वयंपाकघरात उभी होती. समोरच्या मीटरच्या छोट्या पडद्यावर आजचा खर्च सरकताना दिसत होता. तेवढ्या खर्चात वर एक रिकामी खोली ऊबदार होत होती. काय बोलायचं ते तिने कागदावर लिहून ठेवलं होतं. *आमच्याकडे आता ऑक्सिजनचं मशीन नाही.* वाक्य चांगलं होतं. त्यात कुणी मरत नव्हतं.

"नमस्कार, ओवेन बोलतोय. मिसेस प्रॉसर ना? खूप वेळ थांबावं लागलं, माफ करा. आज नुसता धुमाकूळ चाललाय इथे." आवाज कोवळा होता, आसपासच्याच खोऱ्यातला. "एक वर्षाचा दर बांधायचाय? उत्तम. तेवढी माहिती पडताळून घेतो. पत्ता तोच… मीटर तोच… घरात माणसं किती?"

हा प्रश्न कागदावर नव्हता.

"चार," लाउरी म्हणाली.

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला.

"चार. आणि इथे दिसतंय की तुमचं बाळ—"

"तीन."

"माफ करा, काय म्हणालात?"

"तीन. आम्ही तीन आहोत." तिने टेबलाची कड धरली. "मशीन नाहीये आता. एम्रिस मार्चमध्ये गेला. आमचा मुलगा. चौदा मार्चला गेला तो."

ओवेनच्या मागे बाकीची पोरं बोलत होती, दर, पौंड, महिना. शेवटी तो म्हणाला, "मला खूप वाईट वाटतंय." आणि ते कागदावरून वाचून दाखवल्यासारखं म्हणाला नाही. "आपण थांबू या का थोडं? घाई नाही. तुमचा दर मी धरून ठेवतो, पाच वाजले तरी."

"नको. विचारा पुढचं."

"यादीतून नाव काढायला मला तारीख… ती तुम्ही सांगितलीत." पुन्हा टाइप. मग हात थांबले. तिला ठाऊक होतं कुठे थांबले ते.

"जूनची एक नोंद आहे तिथे," ती म्हणाली. "माहितीये मला. मी खोटं बोलले होते."

"मिसेस प्रॉसर, त्याचं काही—"

"काय लिहिलंय त्यात?"

"म्हणजे…"

"वाचून दाखवा ना."

त्याने घसा खाकरून वाचलं. "'ग्राहकाशी बोलणे झाले. बाळ बरे आहे. झोपले आहे.'"

खिडकीबाहेर बेरिलच्या दोरीवर चादरी हलत होत्या. लाउरी त्यांच्याकडे बघत राहिली.

"ती नोंद पुसाल तुम्ही?"

"नाही पुसता येत. जुन्या नोंदी तशाच राहतात. मी फक्त तिच्याखाली आजची लिहू शकतो." तो चाचरला. "चालेल ना?"

"चालेल," ती म्हणाली. "राहू द्या ती."

मग वापराचं झालं. ओवेनने नवा आकडा काढला. गेल्या वर्षीपेक्षा कितीतरी कमी. "चांगली बचत होईल," तो सवयीने म्हणून गेला आणि लगेच अटींकडे वळला. लाउरीने हो म्हटलं, हो, हो, अटी मान्य, दंड मान्य, एक वर्ष. पुढच्या सप्टेंबरपर्यंत तीन माणसांच्या घराचा दर बांधला गेला.

गेथिन सहाला आला. दारातूनच त्याने तिच्याकडे पाहिलं.

"बांधला?"

"एक वर्ष."

"आणि ते… सांगितलंस?"

"सांगितलं." तिने सिंककडे तोंड केलं. "गेथ, जूनमध्ये त्यांचा फोन आला होता. मी त्यांना म्हणाले होते की तो झोपलाय."

मागून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर त्याने खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला होता.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "यादीत दुसरा नंबर माझाच आहे, मेसेज माझ्याही फोनवर आला होता. हा बघ. 'वीज पूर्ववत झाली आहे. एम्रिसला शुभेच्छा.'" त्याने ती ओळ काळ्या नखाने अलगद पुसल्यासारखी केली. "डेपोत जेवायच्या सुट्टीत वाचतो मी कधीकधी. मला कुठे तुला बोलायचं तोंड होतं?"

कॅडी झोपायला जायच्या आधी दोघं वर गेले. आधी तिच्या खोलीतला रेडिएटर उघडला. नळांमधून खडखडत पाणी आलं.

"एक तारीख झाली का?" कॅडीने विचारलं.

"झाली समज."

"बोपा हसेल."

"हसू दे. आपली वाफ काय तिने आजच पाहिलीये?"

मग छोटी खोली. रेडिएटरच्या बटणावर पाच आकडे असतात आणि सगळ्यांत खाली बर्फाच्या फुलाचं एक चिन्ह. पूर्ण बंद करायचं नसतं, नळ गोठतात. त्या चिन्हावर ठेवलं की तो नावापुरता जिवंत राहतो. गेथिनने हात पुढे केला, मग मागे घेतला. लाउरीने बटण फिरवलं. पाच, चार, तीन, दोन, एक. फुलापाशी ते टक्कन थांबलं. तिने तळवा रेडिएटरच्या पत्र्यावर ठेवला. तो अजून गरम होता. निवायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ कुणी हललं नाही.

बाहेर पडताना दार तिने उघडंच ठेवलं. खाली उतरण्यासाठी दोघं जिन्याशी आले, आणि वरच्या पायरीवर आधी त्याने आणि मागोमाग तिने पाय उंच उचलून पलीकडे टाकला.